वाचकांचे प्रश्न : न सरकणारा ठिपका

गेल्या अंकात मी छोट्या विमानांवरील वैमानिक-प्रशिक्षणाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतली बरीच पत्रे दोन विमानांच्या हवेतल्या टकरीविषयी आहेत. विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकवण्यात माझे आयुष्य गेले आणि या विषयाने मला कधी निर्धास्त बसू दिले नाही, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर मी त्याच पत्रांना देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात वैमानिकाचे शिक्षण घेत आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या मॅनिटोबा प्रांतात, स्टाइनबाख गावाजवळ, दोन विद्यार्थी वैमानिकांची विमाने हवेत धडकली आणि दोघेही गेले. त्यांतला एक आपल्या केरळचा होता. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दिवसाउजेडी, एवढ्या मोठ्या आकाशात दोन विमाने एकमेकांना दिसू नयेत, हे कसे शक्य आहे? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. तिच्यावर पांघरूण घालण्यापेक्षा ही गोष्ट नेमकी कशी घडते ते सांगितलेले बरे, असे मला वाटते.

आकाश मोठे आहे हे खरे, पण विमाने ते सगळे आकाश वापरत नाहीत. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेल्या पालख्या पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला एकत्र येतात, त्याप्रमाणे दूरदूर पांगलेली विमाने शेवटी त्याच एका धावपट्टीकडे, साधारण एकाच उंचीवरून आणि त्याच ठरलेल्या वळणांनी येतात. त्यामुळे छोट्या विमानांच्या टकरी ढगांत किंवा रात्रीच्या अंधारात क्वचितच होतात. त्या बहुतेक वेळा स्वच्छ हवेत, भर दिवसा आणि विमानतळाच्या आसपास होतात. हवा छान असते त्या दिवशी उडायला निघणारेही जास्त असतात. स्टाइनबाखचे दोन्ही विद्यार्थी उड्डाण करून पुन्हा उतरण्याचा सराव करत होते आणि दोघेही एकाच वेळी उतरायला येत होते.

आता ‘दिसत कसे नाही’ याकडे वळू. आपला डोळा हालचाल चटकन टिपतो. झाडीत निवांत बसलेला सरडा दिसत नाही, पण तो हलला की लगेच दिसतो. दोन विमाने सरळ रेषेत, कायम वेगाने, एकाच बिंदूकडे निघाली असतील, तर प्रत्येकाच्या काचेत दुसरे विमान एकाच जागी थांबलेले दिसते. याचा अनुभव तुम्ही महामार्गावरही घेऊ शकाल. बाजूच्या रस्त्याने येणारी गाडी तुमच्या खिडकीत पुढे किंवा मागे सरकत असेल, तर ती तुमच्या आधी किंवा नंतर फाट्यावर पोहोचणार असते; पण ती खिडकीच्या त्याच कोपऱ्यात टिकून राहिली, तर तुम्ही दोघे फाट्यावर एकाच क्षणी पोहोचणार असता. म्हणजे जे विमान आपल्याला खरोखर धडकणार असते, तेच डोळ्याला सर्वांत कमी जाणवते. या विषयातली सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे, आणि विद्यार्थ्याला ती पहिल्याच आठवड्यात समजली पाहिजे.

याच्या जोडीला वेळेचे गणित आहे. वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्याच वाटेवर आहे हे लक्षात येणे, कुठे वळायचे ते ठरवणे, हात हलणे आणि शेवटी विमानाने वळणे, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शनात धरले आहे. त्यांतले तब्बल पाच सेकंद फक्त ‘हे आपल्यावर येत आहे’ हे उमगायला जातात. दोन सेस्ना १७२ ही छोटी विमाने प्रत्येकी ११० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २०४ किलोमीटर, वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर दर सेकंदाला सुमारे ११३ मीटरने घटते. म्हणून समोरचे विमान किमान १,४०० मीटरवर असतानाच दिसले पाहिजे. या विमानाच्या पंखांचा विस्तार ११ मीटर असतो. हात लांब करून चिमटीत आंबेमोहोर तांदळाचा एक दाणा धरा. १,४०० मीटरवरचे विमान एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेवढेच दिसते. त्यातही समोरून पाहताना पंख म्हणजे एक पातळ रेघ असते आणि मधला नीट दिसणारा भाग जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो. अंतर निम्मे झाले की आकार दुप्पट होतो, त्यामुळे बराच वेळ तो दाणा दाण्याएवढाच वाटत राहतो. तीन सेकंद उरलेले असतात तेव्हाही तो अंगठ्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसतो, आणि त्यानंतर तो एकाएकी सगळी काच व्यापतो.

विमानाची बांधणीही नजर अडवते. सेस्नाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात, त्यामुळे वरचे दिसत नाही, आणि वळताना आतल्या बाजूचा पंख खाली झुकून ज्या दिशेला वळायचे तीच दिशा झाकून टाकतो. पायपर चेरोकीसारख्या विमानांचे पंख खाली असतात, त्यामुळे त्यातून खालचे दिसत नाही. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात चेरोकी वर आणि सेस्ना तिच्या बरोबर खाली अशी स्थिती आली, तर एकाला खालचे दिसत नाही, दुसऱ्याला वरचे दिसत नाही, आणि दोघेही धावपट्टीवर नजर लावून हळूहळू एकमेकांजवळ येत राहतात.

ताई, मुलीचा फोन आला की ‘जपून उड’ एवढेच सांगू नका. वळण्याआधी ती पंख किंचित उचलून त्या बाजूला पाहते का, आणि धावपट्टीकडच्या शेवटच्या वळणाआधी बाहेरच्या बाजूलाही, म्हणजे लांबून कोणी सरळ येत आहे का तेही, पाहते का, असे तिला विचारा. आईने हे विचारले आहे, ही गोष्ट तिला त्या वळणावर आठवेल.

प्रश्न : मी गोंदियाजवळ प्रशिक्षण घेत आहे. ‘नजर बाहेर ठेव’ असे सर सारखे सांगतात. मी बाहेरच पाहत असतो, तरीही दुसरे विमान त्यांना आधी दिसते. नेमके पाहायचे कसे? — एक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या सरांची दृष्टी तुमच्यापेक्षा चांगली असेल असे नाही, उलट, वयामुळे ती थोडी कमीच असेल. त्यांची नजर थांबत थांबत फिरते आणि तुमची बहुधा सलग फिरते, एवढाच फरक असावा. डोळा सरकत असताना त्याला बारीक वस्तू दिसत नाही; तो एका जागी स्थिरावल्यावरच त्या दिसतात, आणि अगदी स्पष्ट दिसणारा भाग दृष्टीच्या मध्यावर केवळ दोनेक अंशांचा असतो. म्हणून आकाशाचे साधारण दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद नजर थांबवायची आणि मग पुढच्या तुकड्यावर जायचे. आकाशाची ही पट्टी डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत घ्या, आणि क्षितिजाच्या थोडे वर व थोडे खालीही पाहा.

दुसरी अडचण रिकाम्या आकाशाची आहे. समोर पाहण्यासारखे काही नसले की डोळ्यांचे स्नायू सैलावतात आणि नजर आपसूक एक-दोन मीटरवर स्थिरावते. आपण दूर पाहतो आहोत असे वाटते, प्रत्यक्षात आपण काचेच्या थोडे पुढेच पाहत असतो. म्हणून अधूनमधून एखादा डोंगर, लांबचे तळे किंवा ढगाची कडा यावर नजर टेकवून ती पुन्हा दूरवर न्यावी. काचेच्या चौकटीचा खांबही अख्खे विमान लपवू शकतो, तेव्हा मान आणि खांदे हलवून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे. उड्डाणापूर्वी काच स्वतः पुसावी. चिकटून मेलेल्या किड्याचा डाग आणि दूरचे विमान यांत फरक करत बसायला वर वेळ नसतो.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण चूक माझी होती. हिवाळ्यातल्या एका दुपारी मी एका विद्यार्थ्याबरोबर सरावाच्या क्षेत्रातून विमानतळाकडे परतत होतो. वळण घेताना त्याची उंची का हलते ते मी गुडघ्यावरच्या कागदावर आकृती काढून समजावत होतो. दोघांच्याही माना खाली होत्या, आणि त्या दोन-तीन मिनिटांत आम्ही आमची ठरलेली उंची सोडून ५०० फूट वर गेलो होतो. ती उंची बाहेर पडणाऱ्या विमानांची होती. मान वर केली तेव्हा समोर एक काळा ठिपका होता. विद्यार्थी म्हणाला, “सर, घार आहे.” आपल्याकडे दुपारच्या हवेत घारी असतातच, म्हणून मीही क्षणभर ते मानले. पण घार घिरट्या घालते, आणि तो ठिपका जागचा हलत नव्हता. मी नियंत्रण हातात घेतले आणि विमान उजवीकडे झुकवले. समोरच्यानेही त्याच क्षणी उजवीकडे वळण घेतले, आणि ते विमान आमच्या डावीकडून गेले तेव्हा त्याच्या पोटावर इंजिनापासून शेपटीपर्यंत ओघळलेल्या तेलाची काळपट रेघ मला दिसली. आजही डोळे मिटले की मला ती रेघ दिसते.

त्या दिवसापासून मी हवेत कागदावर आकृती काढलेली नाही; समजावणे जमिनीवर करतो. तुम्हीही नकाशा, रेडिओची बटणे, टॅबलेट यांसाठी एका वेळी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त काळ मान खाली घालू नका. काम उरले असेल तर बाहेर एक पट्टी पाहून पुन्हा आत या. लांब चढाई करताना नाकाने समोरचे आकाश झाकले जाते, म्हणून मधूनमधून थोडे डावी-उजवीकडे वळत चढा. स्टॉलसारखा, म्हणजे पंखांची उचल मुद्दाम तुटू देऊन विमान सावरण्याचा, सराव सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना काटकोनात वळून आजूबाजूचे आकाश तपासा. परीक्षकाला दाखवण्यासाठी हे वळण घेणारे आणि खरोखर पाहण्यासाठी घेणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी पाहिले आहेत. पहिल्या प्रकारच्यांची मान वळत नाही, फक्त विमान वळते.

प्रश्न : आता रडार आहे, टक्कर टाळणारी यंत्रे आहेत. मग एवढे सगळे माणसाच्या डोळ्यांवर का सोडायचे? — एक निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : यंत्रांनी फार मोठे काम केले आहे आणि ते आपल्या देशाला चांगले ठाऊक आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ धडकले आणि ३४९ माणसे गेली. एका विमानाला १४,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १५,००० फुटांवर राहायचे होते, आणि दुसरे विमान आपल्या उंचीच्या खाली आले. त्यानंतर भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

पण ही यंत्रणा दुसऱ्या विमानाच्या ट्रान्स्पाँडरला प्रश्न विचारते आणि त्याच्या उत्तरावरून त्याची जागा ओळखते. उत्तर देणारे उपकरण नसेल, बंद असेल किंवा ते उंची कळवत नसेल, तर ही यंत्रणा आंधळी किंवा अर्धवट आंधळी होते. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एक छोटे पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरले आणि उतरायला निघालेल्या एअरोमेक्सिकोच्या डीसी-९ या प्रवासी विमानावर आदळले. पायपरच्या ट्रान्स्पाँडरमध्ये उंची कळवण्याची सोय नव्हती. त्या एका ढगविरहित दुपारी दोन्ही विमानांतली आणि जमिनीवरची मिळून ८२ माणसे गेली. त्यानंतरच अमेरिकेत प्रवासी विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा आणि गजबजलेल्या विमानतळांभोवती छोट्या विमानांना उंची कळवणारे ट्रान्स्पाँडर सक्तीचे झाले.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बहुतेक नियंत्रित क्षेत्रांत एडीएस-बी हे उपकरणही लागते. ते उपग्रहांवरून काढलेली आपली जागा दर सेकंदाला सर्वांना कळवत राहते. इतरांची जागा आपल्या पडद्यावर दाखवणारा त्याचा दुसरा भाग मात्र सक्तीचा नाही. ग्लायडर उडवणाऱ्यांकडे फ्लार्म नावाचे छोटे उपकरण असते आणि तेही गुणकारी आहे. ज्याला परवडेल त्याने असे उपकरण बसवावेच, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पडद्यावर दिसलेले विमान बाहेर शोधायला कुठे पाहायचे ते कळते. मात्र विजेची सोय नसलेली जुनी विमाने, अतिहलकी विमाने आणि बरेच ग्लायडर त्या पडद्यावर येत नाहीत. म्हणून कोरा पडदा पाहून आकाश मोकळे आहे असे मानणे ही फार मोठी चूक आहे.

नियंत्रण मनोरा असला म्हणूनही काळजी मिटत नाही. १२ मे २०२१ रोजी डेन्व्हरच्या सेंटेनियल विमानतळावर मनोरा चालू होता. तिथे दोन समांतर धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या विमानांपैकी सिरस हे छोटे विमान शेवटचे वळण लांबवून शेजारच्या धावपट्टीच्या वाटेवर गेले आणि एका मालवाहू मेट्रोलायनरला धडकले. मेट्रोलायनरचा वैमानिक पाठीमागचा बराच भाग फाटलेले विमान सुखरूप उतरवू शकला, आणि सिरस अख्ख्या विमानाला तोलणाऱ्या आपल्या पॅराशूटने जमिनीवर आले. दोन्ही विमानांत मिळून तिघे होते आणि तिघेही वाचले. इतके सुदैव फार थोड्यांच्या वाट्याला येते.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, सध्या कॅलिफोर्नियात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी भाड्याचे विमान घेऊन उडतो. मनोरा नसलेल्या विमानतळावर वेळ आणि इंधन वाचावे म्हणून मी दहा मैलांवरून रेडिओवर सांगून सरळ धावपट्टीवर येतो. वॉटसनव्हिलच्या अपघातानंतर मित्र म्हणतात की ही सवय सोड. नियमाने तर मनाई नाही. तुमचे मत काय? — एक वाचक, सॅन होजे

उत्तर : नियमाने मनाई नाही हे बरोबर आहे, तरीही माझे मत तुमच्या मित्रांच्या बाजूचे आहे.

१८ ऑगस्ट २०२२ रोजी वॉटसनव्हिल येथे काय झाले ते पुन्हा पाहू. सेस्ना १५२ मध्ये एक वैमानिक धावपट्टीभोवती नेहमीच्या फेऱ्या घालत होता. दोन इंजिनांचे सेस्ना ३४० दहा मैलांवरून सरळ येत असल्याचे रेडिओवर सांगत आले. दोघेही बोलत होते आणि दोघेही एकमेकांचे ऐकू शकत होते. पण ३४० चा वेग १८० नॉटच्या आसपास होता, म्हणजे समोरच्या छोट्या विमानाच्या दुपटीहून खूप जास्त. १५२ च्या वैमानिकाला मागून कोणीतरी फार वेगाने येत आहे हे कळले आणि आपण न उतरता पुन्हा वर जात असल्याचे त्याने सांगितलेही; पण तोपर्यंत उशीर झाला होता. दोन्ही विमानांतले मिळून तिघे गेले. सरळ येणाऱ्या वैमानिकाने छोटे विमान पाहून ते टाळायला हवे होते आणि तो ते करू शकला नाही, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष आहे.

‘दहा मैलांवर आहे’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला अंतर कळते, वेळ कळत नाही. फेरी घालणारा आपल्या विमानाच्या वेगाने हिशेब करतो आणि त्याला वाटते की आपण सहज उतरून बाजूला होऊ. म्हणून सरळ यायचेच असेल तर ‘चार मिनिटांत शेवटच्या टप्प्यावर’ असे वेळेत सांगा आणि आपले विमान कोणते तेही सांगा. तिथे आधीपासून कोणी फेरी घालत असेल, तर सरळ येण्याचा विचार सोडून द्या. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाण्याचा जो टप्पा आपण डाउनविंड म्हणतो, त्याच्या उंचीवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १,००० फुटांवर, विमानतळापासून दूर असतानाच स्थिर व्हा, वेग इतरांइतका करा आणि मग फेरीत सामील व्हा. फेरीच्या उंचीवर वरून खाली येत शिरू नका. खालचे विमान तुमच्या नाकाखाली लपलेले असते.

फेरीचे बंधन कशासाठी आहे ते इथे सांगायला हवे. माणूस सगळीकडे पाहू शकत नाही. जिथे काही असण्याची अपेक्षा असते तिथे तो आधी पाहतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या वेगाने येणारे विमान इतरांच्या नजरेत आपोआप येते. तुमची वाचलेली पाच मिनिटे आणि थोडेसे पेट्रोल यांच्या बदल्यात तुम्ही दुसऱ्याला न विचारता त्याच्या पाठीमागून येता, आणि माझा आक्षेप याला आहे. दिवसाही उतरण्याचा दिवा लावा, रेडिओवर विमानतळाचे नाव सुरुवातीला आणि शेवटी असे दोन्ही वेळा घ्या, आणि ज्याच्याकडे रेडिओच नाही असेही कोणी तिथे असू शकते हे गृहीत धरा.

प्रश्न : समोर विमान दिसलेच तर कोणी कुठे वळायचे? — एक शाळकरी वाचक, अकोला

उत्तर : समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याच्या उजवीकडून जायचे. उतरणाऱ्याला आधी वाट मिळते, आणि उतरणारे दोन असतील तर जो खाली असतो त्याला. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला आणि बलूनला वाट द्यायची, कारण त्यांना बाजूला होणे अवघड असते. हा नियम पाठ केलास तरी तुला वाट मिळायला हवी असताना समोरचा वळत नसेल, तर तूच वळ. त्याने तुला अजून पाहिलेले नसते.

प्रश्न : माझे जावई छोटे विमान चालवतात आणि दिवाळीत आम्हाला त्यातून नेणार आहेत. शेजारी बसून मी काही मदत करू शकते, की गप्प बसावे? — एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही फार मोठी मदत करू शकता. निघण्यापूर्वी जावयांना विचारा की मी कोणत्या बाजूचे आकाश पाहू. जो वैमानिक या प्रश्नाने सुखावेल त्याच्याबरोबर निश्चिंत बसावे. विमान दिसले की घड्याळाच्या भाषेत सांगायचे : नाकाची दिशा बारा, उजवा पंख तीन, डावा पंख नऊ. ‘दोन वाजता, थोडे वर’ एवढे पुरते. ते तुम्हाला पक्षी वाटले तरी सांगा, आणि ते त्यांना आधीच दिसले असेल असे समजून गप्प राहू नका. बोट दाखवले तर ते त्यांना दिसेपर्यंत खाली घेऊ नका. उड्डाणानंतरची आणि उतरण्याआधीची काही मिनिटे मात्र फराळाच्या आणि पाहुण्यांच्या गप्पा बाजूला ठेवा. त्या वेळी फक्त विमान दिसल्याचे सांगायचे, बाकी काही नाही. सांगितलेले विमान काचेत सरकत असेल तर ते तुमच्या वाटेतून बाजूला जात आहे. ते सरकत नसेल, तर पुन्हा आणि मोठ्याने सांगा.